‘गरिबाला कायम भाड्याच्या ट्रॅक्टरवर ठेवायचंय का?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं पण रागाच्या भरात लिहिलेलं धड होत नाही म्हणून दोन दिवस थांबलो. आता कमेंटमध्ये मावणार नाही इतकं झालंय म्हणून वेगळंच टाकतो.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की दोन-तीन एकरवाल्याला ट्रॅक्टर नको, ट्रॅक्टरचा तास पाहिजे, आणि तोही वाफसा असताना, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल असताना पाहिजे, म्हणून सरकारनं एकेकट्याच्या ट्रॅक्टरखरेदीला जाणारा पैसा गावातल्या अवजारे बँकेकडं, म्हणजे शेतकऱ्यांचा गट अवजारं घेऊन गावाला भाड्यानं देतो त्या सोयीकडं, वळवावा. त्यावर तुम्ही म्हणता की मी शहरात बसून गरिबाला कायम दुसऱ्याच्या दारात उभं करायला निघालोय, सरकार ५० टक्के देतं तर लोक घेत नाहीत हा लोकांचा आळस, जीएसटीसुद्धा कमी केला आता आणखी काय पाहिजे, आणि अवजारे बँका म्हणजे पुढाऱ्यांच्या शेडमधली खेळणी, तुमच्या गावातली तर दोन वर्षांत बंद पडली.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरंचसं बरोबर आहे, त्याकडं येतो. शहराचं एवढंच सांगतो की मी नोकरीला होतो पण २०१९ पासून गावीच आहे, लातूर जिल्ह्यात, साडेतीन एकर, सोयाबीन आणि तूर, पाणी नावापुरतं.

आधी ५० टक्क्याचं बोलू, कारण हे सगळीकडं असंच सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं अर्धा ट्रॅक्टर फुकट. ५० टक्के किंवा ठरवलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी असेल ते मिळतं दादा. आमच्या भावकीतल्या एकानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा अल्पभूधारकाला ती मर्यादा सव्वा लाखाची होती. ट्रॅक्टर पडला साडेसात लाखाला. म्हणजे खरं अनुदान सोळा-सतरा टक्के. उरलेले सव्वासहा लाख कर्ज, त्याला जमीन तारण, आणि जमीन किती तर चार एकर. त्या ट्रॅक्टरला वर्षात काम किती? नांगरट, रोटाव्हेटर, पाळी, पेरणी, वाहतूक असं सगळं धरलं तरी एकरी आठ-दहा तासांच्या वर जात नाही, म्हणजे घरच्या रानात चाळीस तास. कृषी अभियांत्रिकीवाले ट्रॅक्टर परवडायला वर्षाला हजार तास चालावा असं धरतात. मग हा माणूस उरलेले तास भरायला बाहेर भाड्यानं फिरतो, हप्त्याची तारीख जवळ आली की रात्री पण फिरतो, आणि स्वतःच्या रानाची पेरणी शेवटाला ठेवतो. ट्रॅक्टर दारात असून त्याच्या रानात वेळेवर गेला नाही हे मी स्वतः बघितलंय.

आळसाचं म्हणाल तर मला ते वाक्य फार लागलं, खरंच सांगतो. माझा एक चुलतभाऊ आहे, ट्रॅक्टर वडलांच्या नावावर जुना, त्यानं रोटाव्हेटरसाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला. पहिल्या वर्षी लॉटरीत नंबर नाही, दुसऱ्या वर्षी लागला. मग सातबारा, आठ-अ, कोटेशन, टेस्ट रिपोर्ट, ट्रॅक्टरचं आरसी बुक हे सगळं अपलोड, मग पूर्वसंमतीची वाट. पूर्वसंमतीच्या आधीची तारीख बिलावर पडली तर सगळं मुसळ केरात, त्यामुळं दुकानदार म्हणत होता आत्ता घेऊन जा तरी हा थांबला. संमती आली तेव्हा पूर्ण पैसे आधी स्वतः भरायचे, १ लाख १० हजार. तीस हजार घरात होते, ऐंशी हजार गावातच तीन रुपये शेकड्यानं उचलले. त्याला ४२ हजार मंजूर होते. मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन अवजार बघणं, झाली, फोटो झाला, आणि पैसे खात्यावर यायला आठ महिने लागले. महिना चोवीसशे व्याज, आठ महिन्यांचं झालं १९ हजार २००. म्हणजे ४२ हजारांतले जवळपास निम्मे सावकारानं खाल्ले, आणि ही योजना अल्पभूधारकासाठी होती. ज्याच्याकडं लाखभर रुपये मोकळे पडलेत त्याला तेच ४२ हजार पुरते मिळाले. आळशी कोण आहे यात ते तुम्हीच सांगा. त्यानंतर लॉटरी बंद करून आधी येईल त्याला आधी असं केलं, १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक पण सक्तीचा केला, त्यानं कागदं थोडी कमी झाली हे मान्य, पण आधी पूर्ण पैसे भरा ही अट जोपर्यंत आहे तोपर्यंत रोकडवाल्याचाच नंबर आधी लागणार.

जीएसटीचं लवकर उरकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ वरनं ५ टक्के झाला, टायर आणि पार्टवरचा १८ वरनं ५, चांगलीच गोष्ट आहे, घेणाऱ्याचे चाळीस-पंचेचाळीस हजार वाचतात. पण आमच्या शिवारात एकरी भाडं एक रुपयानं उतरलं नाही. भाडं ठरतं डिझेलवर, डिझेल जीएसटीत येतच नाही आणि ते नव्वदीच्या पुढंच आहे. जो ट्रॅक्टर विकतच घेत नाही त्याच्यापर्यंत ती सवलत आलीच नाही.

आता मूळ गोष्ट. मी वाफसा वाफसा का करतो ते २०२३ च्या खरिपावरनं सांगतो. त्या वर्षी पाऊस लांबला, जून कोरडा गेला, जुलै उजाडला तेव्हा कुठं पेरणीजोगा पडला. तिसऱ्या दिवशी रान वाफशावर आलं, ढेकूळ हातात घेतलं की चिकटायचं नाही पण दाबलं की फुटायचं, म्हणजे आज पेरलं पाहिजे. गावात पेरणीयंत्रासकट चालू ट्रॅक्टर दोनच. दोन्ही आधी वीस-पंचवीस एकरवाल्यांकडं गेले, एकाच जागी दिवसभराचं काम मिळत असताना साडेतीन एकरासाठी कोण वळून येणार, त्याचंही मी चुकलं म्हणत नाही. आमच्याकडं आला पाचव्या दिवशी रात्री साडेनऊला. वरचा थर सुकायला लागला होता म्हणून ड्रायव्हरनं फण खाली दाबले, आणि एकरावर पैसे असल्यामुळं गिअर वरचा टाकला, तासाभरात सगळं उरकून गेला. सकाळी मी पेरलेल्या ओळीत बोट घालून बघितलं, बी चार बोटं खाली. सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंटीमीटरवर पाहिजे हे कृषी सहायकापासून बियाण्याच्या पिशवीपर्यंत सगळे सांगतात. मग वर एक जोराची सर आली, मातीवर कडक पापडी धरली, आणि निम्मं बी वरच आलं नाही. आई टोपलीत बी घेऊन आठ दिवस खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरत फिरली, एकेक टोकत. आणखी एक पिशवी लागली, तीन हजारांच्या वर पैसे, आणि नंतर टोकलेलं पहिल्याच्या बरोबरीनं कधी आलंच नाही.

त्या रात्री माझ्या खात्यावर कितीही अनुदान असतं तरी उपयोग नव्हता. मला पाहिजे होतं तिसऱ्या दिवशी येणारं यंत्र आणि हळू चालवणारा माणूस.

तुम्ही म्हणता भाड्यानं घेणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. माझ्या वडलांकडं एकच बैल होता दादा. शेजारच्या काकांकडं एक. दोघांची सावड होती, दोन दिवस आमचं रान, दोन दिवस त्यांचं, कुणाचं आधी हे बांधावर बसून ठरायचं, ज्याचं रान चढाचं त्याचा वाफसा आधी येतो म्हणून त्याचं आधी. पूर्ण बैलबारदाना असणारी घरं गावात मोजकीच होती, बाकीचं गाव सावडीवरच पेरत होतं आणि त्यात कुणाची मान खाली जात नव्हती. मान खाली जाते ती चारदा फोन करून पण ‘बघू, उद्या बघू’ ऐकावं लागतं तेव्हा. सावडीला नियम होता, नंबर होता. आजच्या भाड्याला नियमच नाही.

आणि जमीन बघा ना. महाराष्ट्रात सरासरी धारणा १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टर. सव्वातीन एकर, त्यात पण भावांच्या वाटण्या. प्रत्येकाच्या दारात ट्रॅक्टर हे गणित कुठल्याच अनुदानानं सुटणार नाही, उलट कर्जाखाली जमीन जाईल.

आता अवजारे बँक. इथं माझी चूक झाली, मागच्या लेखात मी चार ओळींत ‘बँकांकडं वळवा’ लिहून मोकळा झालो, त्या कशा चाललेल्या आहेत ते लिहिलंच नाही. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ ला सुरू झालं तेव्हापासून गटांच्या बँकांना त्यात मोठी मदत आहे, गावपातळीवरच्या बँकेला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या प्रकल्पावर ८० टक्केपर्यंत. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातनंही आपल्या भागातल्या गटांना अवजारं मिळाली. त्यातली एक मी जवळनं बघितलीय. गटात वीस नावं, त्यातली बहुतेक एकाच घरातली आणि त्यांच्या गड्यांची. तपासणीच्या दिवशी शेडवर फलक, अवजारांवर ताजा रंग, हार. नंतर तो ट्रॅक्टर अध्यक्षांच्या ऊसात आणि वीटभट्टीवर. गावातल्या बाईमाणसाला विचारलं अवजारे बँक कुठंय तर ती तालुक्याची बँक दाखवेल. तेव्हा तुमचा राग मला कळतो, आणि तो चुकीचा नाही.

पण माझं म्हणणं असं आहे की अवजारं दिली आणि फोटो काढला की सरकारचं काम संपलं, तिथंच सगळं बिघडलं. अनुदान यंत्राच्या बिलावर मिळतं. ते यंत्र नंतर कुणाच्या रानात किती तास गेलं हे कुणी विचारतच नाही. निम्मंच अनुदान खरेदीला द्या, उरलेलं तीन वर्षांत दरवर्षी, आणि ते पाच एकराच्या आतल्या खातेदारांकडं किती तास काम केलं त्यावर. मोका तपासणीला जिओ टॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो घेताच ना, मग तोच प्रत्येक रानात घ्या. दरफलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पेरणीचे पंधरा दिवस नंबराची वही सगळ्यांना बघायला उघडी, आणि तीन एकरवाल्यांची रानं बांधाला बांध लागून असतील तर त्यांची एकत्र नोंद, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला पण एका जागी दहा-बारा एकर मिळतात आणि त्याचं डिझेल फिरण्यात जात नाही. केंद्रानं २०१९ ला भाड्याच्या अवजारांसाठी मोबाइल ॲप काढलं होतं, पण त्यावरनं कुणी ट्रॅक्टर बोलावलेला मी आमच्या गावात अजून बघितला नाही. लोक ओळखीच्या ड्रायव्हरला फोन करतात. वही चालेल.

आणि ड्रायव्हर. सगळ्या योजनांमध्ये यंत्राची किंमत आहे, चालवणाऱ्याची कुठं नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ रुंद सरी वरंब्यावर, म्हणजे बीबीएफनं, सोयाबीन पेरा म्हणून कित्येक वर्षं सांगतंय. जास्त पाऊस झाला तर सरीतनं पाणी निघून जातं, खंड पडला तर ओल टिकते, आणि बियाणं साध्या पेरणीला एकरी ३० किलो तिथं २०-२२ किलोत भागतं. आमच्या शेजारच्या गावात दोन बीबीएफ यंत्रं अनुदानावर आली, दोन्ही पडून आहेत, कारण ते जोडून सरळ ओळीत चालवायला येणारा माणूस नाही आणि एकरावर पैसे घेणाऱ्याला ते हळू चालणारं काम परवडत नाही. तासावर पैसे लावले तर तो मुद्दाम रेंगाळेल असं लोक म्हणतात, तसं होऊही शकतं. मला वाटतं पेरणीपुरता एकरी दर थोडा वाढवून बी किती खोल पडलं ते तिथंच दोन ठिकाणी उकरून बघायचं आणि मग पैसे द्यायचे. गावातल्या दोन पोरांना आठ-दहा दिवसांचं चांगलं शिक्षण दिलं तर त्याला एका रोटाव्हेटरच्या अनुदानाइतका पण खर्च येणार नाही.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे, लहान अवजारं स्वतःचीच असावीत. कडबाकुट्टी, टोकण यंत्र, सायकल कोळपं, बॅटरीचा फवारणी पंप, जमलं तर दोघांत मिळून तण काढायचा एक पॉवर वीडर. ही रोज लागतात, घरात बायका वापरतात, आणि त्यांच्यासाठी कुणाची वाट बघणं खरंच वाईट. इथं मात्र शेतकऱ्यानं फक्त स्वतःचा हिस्सा भरावा आणि सरकारनं बाकीचे पैसे परस्पर दुकानदाराला द्यावेत, म्हणजे तीन रुपये शेकड्याचा प्रश्नच येत नाही.

आता तुमच्याकडून एक पाहिजे. तुम्ही लिहिलंय तुमच्या गावची बँक दोन वर्षांत बंद पडली. कशानं पडली ते जरा सविस्तर लिहा ना. ड्रायव्हर सोडून गेला, का उधारी थकली, का मोठ्या दुरुस्तीला पैसे नव्हते, का घरच्या घरीच वापरून मोडली? आमच्या गावात या उन्हाळ्यात अकरा जण मिळून सावडीसारखं एक पेरणीयंत्र घ्यायचं चाललंय, अनुदान मिळो न मिळो, आणि त्याची नियमांची वही सध्या माझ्याकडं लिहायला आहे. दुरुस्तीचा पैसा कुणी किती आणि कधी भरायचा, हे पान अजून कोरं आहे.