‘बोलता येतं म्हणजे लिहिता येतंच’ म्हणे!

साताऱ्यात पहिली-दुसरीच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं एवढंच: मराठी बोलतो तशीच लिहितात, तेव्हा घरी वेगळं शिकवायला नको; शब्द चुकला तर वीसदा लिहून घ्या; तिसऱ्या वर्षीच पेन्सिल द्या; आणि घरात गावठी बोलू नका, लेखन बिघडतं. शीर्षक आहे ‘शुध्दलेखनाची सोपी युक्ती’. ‘द’ला ‘ध’ जोडायचा, तिथं ‘ध’लाच ‘द’ जोडलाय. असो.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच पटकन पटतो. इंग्रजी स्पेलिंगांइतकी घोकंपट्टी मराठीत नाही, कबूल. पण ‘पाणी’ची वेलांटी पहिली की दुसरी, हे नुसत्या कानाला कळत नाही. सिंहाला आपण ‘सिंव्ह’ म्हणतो. ‘विशेष’मधले श आणि ष तोंडात एकच. म्हणजे पोरानं ‘विशेश’ लिहिलं, तर ते तंतोतंत मेसेजप्रमाणे वागतंय की!

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली ४ वाढून १८ झाले. दुसरीतल्या पोराला घरी त्यातले दोनच पुरतात. शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो दुसरा: पाणी, वाटी, चाकू, पेरू. ‘आणि’, ‘परंतु’ असले अपवाद भेटतील तेव्हा सांगावेत. दुसरा नियम स्वयंपाकघरातच सापडतो. दूध, मीठ, गूळ, ऊस यांत दीर्घ. पण पुढं काही चिकटलं की ऱ्हस्व: दुधात, मिठाचा, गुळाची, उसाला. इथं मात्र कान कामाला येतो. ‘दूध’ मोठ्यानं म्हणायला लावा, आवाज लांबतो. ‘दुधात’ म्हणताना आखडतो. वाण्याची यादी पोराकडून लिहून घ्या. ‘गूळ अर्धा किलो’ लिहून झालं की विचारा, आता ‘गुळाची पोळी’ कशी लिहिशील? गुण, विष असे संस्कृतातून आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ते तिसरी-चौथीत बघू.

वीसदा लिहिण्याचं काय होतं, ते पोराशेजारी बसून पाहावं. ‘दूध’च्या तीनेक ओळी झाल्या की ते आधी वरपासून खालपर्यंत नुसते ‘द’ काढतं, मग सगळ्यांना उकार देत सुटतं, मग ‘ध’ची रांग. पान भरतं, पण शब्द एकदाही लिहिलेला नसतो. वर पहिलाच चुकीचा असेल तर चूक वीसदा पक्की. त्यापेक्षा शब्द नीट बघायचा, झाकायचा, मनानं लिहायचा, उघडून ताडून पाहायचा; आणि दोन दिवसांनी तोच शब्द पुन्हा विचारायचा. पाच शब्द खूप झाले. लाल पेन तर कपाटातच राहू दे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी १९७१ साली दाखवून दिलं, की शाळेत जाण्याआधी मुलं मनानं जी स्पेलिंगं रचतात, त्यांत आवाजाचा पक्का हिशेब असतो. मराठी पोराची चूकही तशीच वाचावी: ‘विशेश’ लिहिणाऱ्याचा कान शाबूत आहे, त्याला फक्त पोटफोड्या ‘ष’ दाखवायचा राहिलाय.

पेन्सिलीबद्दल थोडक्यात. तीन वर्षांच्या बोटांना आधी ताकद यावी लागते. कणकेचा गोळा मळू द्या, शेंगा सोलू द्या, अंगणात खडूनं रेघोट्या मारू द्या. अक्षरांची घाई कुणालाच नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीचा वर्ग सहा वर्षं पूर्ण झाल्यावरच आहे.

राहता राहिली गावठी बोली, आणि हे साताऱ्यात बसून कुणी म्हणावं याचंच नवल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली. त्या शाळांतून शिकलेल्या किती पोरांच्या घरी प्रमाण मराठी बोलत होते? ‘गेलतो’, ‘न्हाई’, ‘हाय’ बोलतच ती उत्तम लिहायला शिकली. पोर ‘पानी’ लिहितं ते आजीमुळं, हे खरं. पण गोष्टी, म्हणी, शिवारातले शंभर शब्दही त्याला तिच्याकडूनच मिळतात, आणि शब्दच नसतील तर लिहिणार काय? आजीनं सांगितलेली गोष्ट दोन-तीन ओळींत लिहायला लावा. आजीचं बोलणं अवतरणचिन्हात जसंच्या तसं, ‘बाळा, पानी आन’. बाहेरच्या ओळीत ‘त्यानं पाणी आणलं’.