आकडा हलला म्हणून गोळी सोडायची नसते

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: "सीडी४ मागच्या वेळेपेक्षा शंभरने कमी आला म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळली. व्हायरल लोड शंभरावर गेला म्हणजे गोळ्या निकामी झाल्या, आता जोडीदारालाही धोका. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे गोळ्यांनी किडनी खाल्ली. अशा वेळी महिनाभर गोळ्या थांबवून शरीराला विश्रांती द्या, सीडी४ वाढवणारी पूरकं घ्या आणि दर महिन्याला तपासणी करा."

यातल्या सीडी४ म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात सापडणाऱ्या विषाणूच्या प्रती, क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, आणि गोळ्या म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं. पाठवणाऱ्याला काळजी असते, यात शंका नाही. पण रिपोर्ट पाहून झोप उडालेल्या माणसाला हा मजकूर नेमकं तेच करायला सांगतो, ज्याने त्याचं खरं नुकसान होईल. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

"सीडी४ शंभरने घसरला म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळली"

सीडी४चा आकडा रक्तातून थेट मोजून येतो असं वाटतं. काही यंत्रं तसं मोजतातही, पण अनेक ठिकाणी तो गुणाकाराने काढलेला असतो: एकूण पांढऱ्या पेशी, त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती टक्के आणि त्यातल्या सीडी४ किती टक्के. समजा, पांढऱ्या पेशी ६०००, लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे १८००. त्यातले २८ टक्के सीडी४, म्हणजे ५०४. पुढच्या वेळी पांढऱ्या पेशी ४८०० भरल्या आणि लिम्फोसाइट २८ टक्के, म्हणजे १३४४. सीडी४ तेच २८ टक्के, पण उत्तर येतं ३७६. आकडा १२८ने पडला आणि सीडी४चा वाटा जिथे होता तिथेच राहिला. त्यामुळे रिपोर्टमध्ये टक्केवारीची ओळ असेल तर आधी ती वाचावी. ती फार कमी डुलते.

पांढऱ्या पेशी कमी-जास्त व्हायला कारणंही साधी असतात. सीडी४ दिवसभरात बदलतो: दुपारच्या सुमारास सगळ्यात कमी, संध्याकाळनंतर जास्त. सर्दी-ताप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, स्टिरॉइडच्या गोळ्या यांनी तो खाली येतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे एकूण संख्या कमी दिसते, टक्केवारी मात्र फारशी हलत नाही. प्लीहा काढलेली असेल तर उलट आकडा फुगलेला दिसतो. हे सगळं धरून ठरलेला अंदाज असा आहे: दोन तपासण्यांमध्ये एकूण संख्येत साधारण ३० टक्के किंवा टक्केवारीत ३ अंकांचा फरक पडला, तरच तो खरा बदल म्हणून विचारात घ्यायचा. म्हणजे ५००चा माणूस ३५० ते ६५०च्या दरम्यान कुठेही दिसला, तरी एवढ्यावरून त्याच्या शरीरात काही घडलं असं म्हणता येत नाही.

तपासणी करतानाही थोडी शिस्त ठेवली तर निम्मा गोंधळ टळतो. शक्यतो तीच प्रयोगशाळा, तीच वेळ. ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्यावं. सीडी४ची जांभळ्या टोपीची नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते. ती खोलीच्या तापमानाला राहिली पाहिजे, आणि शक्यतो ४८ तासांच्या आत तपासली गेली पाहिजे.

महत्त्व दिशेला आहे. ६२०, ५४०, ५९०, ५१० हे डुलणं झालं. ६२०, ५४०, ४५०, ३७० आणि सोबत टक्केवारी ३०, २७, २३, १९ अशी उतरत असेल, तर मात्र व्हायरल लोड सापडत नसला तरी डॉक्टरांनी टीबी, इतर संसर्ग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), चालू असलेली इतर औषधं हे सगळं तपासून पाहायला हवं.

"व्हायरल लोड शंभरावर गेला म्हणजे गोळ्या निकामी"

सगळ्यात जास्त भीती हाच मुद्दा घालतो, म्हणून इथे जरा थांबू.

गोळ्यांमुळे विषाणूचं नवं उत्पादन थांबतं. पण संसर्ग झालेल्या काही सीडी४ पेशी वर्षानुवर्षं निद्रिस्त असतात आणि त्यांच्यावर गोळ्यांचा परिणाम होत नाही. त्यातली एखादी अधूनमधून जागी होते आणि थोडे विषाणू रक्तात सोडते. गोळ्या चालू असल्यामुळे ते नव्या पेशींना लागण करू शकत नाहीत, पण त्याच दिवशी रक्त घेतलं असेल तर यंत्राला ते दिसतात. आधी न सापडणारा, एकदा थोडासा वर आलेला आणि पुढच्या तपासणीत पुन्हा न सापडणारा, असा सहसा २००च्या आतला आकडा म्हणजे 'ब्लिप'.

जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारांवर स्थिर असलेल्या १० जणांचं रक्त दर २-३ दिवसांनी, ३ ते ४ महिने तपासलं. १० पैकी ९ जणांत ब्लिप सापडले. त्यांचा मध्यक ७९ प्रतींचा होता आणि बहुतेक ब्लिप काही दिवसांतच ओसरले. एकाच नमुन्याची दोन ठिकाणी तपासणी केली, तर एकीकडे दिसलेला ब्लिप दुसरीकडे अनेकदा दिसलाच नाही. आणि त्यामागे औषधाला दाद न देणारा नवा विषाणूही सापडला नाही.

यंत्राची मर्यादाही इथे येते. व्हायरल लोडमध्ये तिपटीपेक्षा कमी फरक, म्हणजे लॉगच्या भाषेत ०.५च्या आतला, मोजमापाच्या चढउतारात मोडतो. ४०चे ११० झाले तर तो फरक तिपटीच्या आतच आहे. शिवाय प्रयोगशाळा बदलली की खालची मर्यादाही बदलते: कुठे २०, कुठे ४०, कुठे ५०. '२०पेक्षा कमी, पण सापडला' आणि 'सापडला नाही' हे दोन शेरे वेगळे असले तरी गोळ्या काम करत आहेत हेच दोन्ही सांगतात. नमुना हाताळण्यातही चूक होते. प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला, किंवा जेल असलेल्या नळीत तो तसाच गोठवला, तर पेशींमधला मालमसाला त्यात उतरतो आणि आकडा खोटा वर जातो.

मग अपयश कशाला म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात १००० प्रतींची रेषा आहे. ती ओलांडली तर गोळ्या नियमित घेतल्या जाताहेत का ते पाहून, त्यासाठी आधार देऊन, ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत रेषा २००ची आहे, पण तिथेही दुसऱ्या तपासणीत खात्री झाल्याशिवाय अपयश म्हणत नाहीत. एका आकड्यावर निकाल सहसा दोन्हीकडे नाही.

"आता जोडीदारालाही धोका"

लैंगिक संबंधांपुरतं बोलायचं, तर ब्लिपने हा धोका परत येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासात 'दबलेला' व्हायरल लोड म्हणजे २००च्या आतला अशीच व्याख्या होती. एक जोडीदार बाधित असलेल्या पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमशिवायचे सुमारे ७६ हजार संबंध नोंदले गेले आणि उपचारावरच्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. स्तनपानाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावं.

"क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी गेली"

डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमने वाढतं आणि तिथेच स्थिर राहतं. क्रिएटिनिनचा काही भाग मूत्रनलिकांतून बाहेर टाकला जातो, आणि हे औषध तेवढी वाट अडवतं. किडनीची गाळण्याची ताकद तितकीच असते. अटाझानाविर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधावर डोळे पिवळसर दिसतात आणि बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) वाढतं, त्यामागेही असाच निरुपद्रवी अडथळा असतो. टेनोफोविर या औषधाकडे मात्र खरोखर लक्ष ठेवावं लागतं, विशेषतः जुन्या डायसोप्रॉक्सिल प्रकाराकडे. क्रिएटिनिन चढतच राहिलं, लघवीत प्रथिनं दिसली, रक्तातली साखर नेहमीसारखी असूनही लघवीत साखर आली किंवा फॉस्फेट घसरलं, तर ते लगेच डॉक्टरांना दाखवावं. औषध बदलायचं का हे तेच ठरवतील, आणि बदललं तरी उपचारात खंड न पडता.

"महिनाभर गोळ्या थांबवा"

संपूर्ण मजकुरातला हा सर्वांत घातक सल्ला. याची परीक्षा झालेली आहे. स्मार्ट नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५४७२ लोक होते. एका गटाने गोळ्या अखंड घेतल्या. दुसऱ्या गटाने सीडी४ ३५०च्या वर असताना थांबवल्या आणि २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केल्या. थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार (कमजोर प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला. हृदय, किडनी आणि यकृताचे गंभीर आजारही याच गटात जास्त होते. २००६ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली.

गोळ्या बंद केल्या की बहुतेकांत २ ते ४ आठवड्यांत विषाणू परततो. एफाविरेंझसारखं औषध रक्तातून निघायला आठवडे घेतं, तर सोबतची औषधं काही दिवसांतच निघून जातात. मधल्या काळात विषाणूसमोर एकटं एफाविरेंझ उरतं, आणि एकट्या औषधाला चकवणं विषाणूला सोपं जातं. हिपॅटायटिस बी असलेल्यांना आणखी एक धोका आहे. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन तो विषाणूही दाबून ठेवतात. ती अचानक थांबवली तर यकृताला तीव्र सूज येऊ शकते.

"सीडी४ वाढवणारी पूरकं घ्या"

नुसता आकडा वाढवून माणूस वाचतो का, हे इंटरल्युकिन-२ या सीडी४ वाढवणाऱ्या औषधावरच्या दोन मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं. निष्कर्ष २००९ मध्ये आले: सीडी४ खरोखर वाढला, पण आजार आणि मृत्यू कमी झाले नाहीत.

पूरकं अपायही करू शकतात. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम हे पोटात डोल्युटेग्राविरला चिकटतात आणि औषध रक्तात कमी पोहोचतं. म्हणून डोल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावं. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत, त्याच वेळी घेतलं तर चालतं. अॅसिडिटीच्या मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवाल्या औषधांना मात्र जेवणाचीही सवलत नाही. व्हायरल लोड वर आला की गोळ्या किती चुकल्या हे सगळे विचारतात, नवीन टॉनिक कोणतं सुरू केलं हे कुणी विचारत नाही. ते स्वतःहून सांगावं. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं असेल तर तेही लगेच सांगावं, कारण तेव्हा डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घ्यावं लागतं.

"दर महिन्याला तपासणी करा"

स्थिर असलेल्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं वेळापत्रक असं आहे: उपचार सुरू केल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी व्हायरल लोड, पुढे वर्षातून एकदा. व्हायरल लोड नियमित होत असेल आणि तो दबलेला असेल, तर सीडी४ वारंवार करण्याची गरज उरत नाही. जितक्या जास्त वेळा रक्त द्याल, तितके जास्त ब्लिप सापडतील आणि तितक्या झोपा उडतील.

तपासणी लवकर करायची कारणं वेगळी आहेत: व्हायरल लोड सलग दोनदा २००च्या वर, एकदा जरी १०००च्या वर, सीडी४ २००च्या खाली, किंवा ताप, वजन घटणं, लांबलेला खोकला, नजर धूसर होणं. सीडी४ २००च्या खाली असेल तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता को-ट्रायमॉक्सॅझोल (संसर्ग टाळणारी गोळी) आणि क्रिप्टोकॉकस (मेंदूज्वर करणारी बुरशी) याची तपासणी यांबद्दल विचारावं.

आणि व्हायरल लोड खरोखरच वर राहिला, तर पुढची पायरी रेझिस्टन्सची चाचणी, म्हणजे विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही ते पाहणं. तिला सहसा ५०० ते १००० प्रती तरी लागतात, आणि ती गोळ्या चालू असतानाच करायची असते, फार तर थांबवून चार आठवड्यांच्या आत. गोळ्यांचा दाब उठला की मूळ विषाणू जोमाने वाढतो, औषधाला दाद न देणारा त्याच्या मागे लपतो, आणि रिपोर्टमध्ये सगळं ठीक दिसतं. 'महिनाभर थांबा' ऐकून मग चाचणीला गेलेल्या माणसाच्या हाती असा रिपोर्ट येऊ शकतो, आणि ज्या औषधाचा उपयोग संपला आहे तेच त्याला पुन्हा दिलं जाऊ शकतं.