व्हिडिओ मराठीत हवेतच, पण आपल्या भागातले पण हवेत

मुलांसाठी मराठीत चांगले व्हिडिओ हवेत हा तुमचा लेख एकदम पटला, विज्ञान, निसर्ग, इतिहासाचे व्हिडिओ त्यांना मराठीत मिळायलाच पाहिजेत, पण नुसता इंग्रजी व्हिडिओला मराठी आवाज लावून भागत नाही हो. आमच्या कोल्हापुरात दर पावसाळ्यात पोरं ऐकतात, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, आता पंचगंगा नदीचं पाणी वाढणार. धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की परत बंद, कुणी बटण दाबत नाही. हे छोटं मॉडेल करून दाखवा की, पाण्याचा दाब पोरं जन्मात विसरणार नाहीत! आणि त्यातच इतिहास पण येतो, धरणाचं काम शाहू महाराजांनी काढलं, १९१७ ला संस्थानात मोफत सक्तीचं प्राथमिक शिक्षण पण त्यांनीच आणलं.

व्हिडिओ बघून मुलांच्या लिहिण्याचं काय होणार म्हणाल तर, माझी भाची व्हिडिओ संपला की मोबाईल बाजूला ठेवून वहीत आपल्या शब्दात लिहिते, आणि राधानगरी धरण ज्या नदीवर आहे त्या भोगावतीची पंचगंगा नेमकी कुठं होते हा प्रश्न तिला बघताना नाही, लिहितानाच पडला. कुणी असा व्हिडिओ करणार असेल तर पुराचं पाणी उतरल्यावर, जिथं पंचगंगा सुरू होते त्या प्रयाग चिखलीच्या संगमावर शूट करा, आम्ही पोरं घेऊन येतो.