दोघींना एकच नियम का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपण स्वतः अनेक वर्षे जिम्नॅस्टिक्सच्या खेळात काढली आहेत, त्यामुळे तिला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या माझ्या दोन मुलींपैकी बारा वर्षांच्या थोरलीला साधे, गडद रंगाचे, पाय झाकणारे कपडे आवडतात आणि तिच्या कुरळ्या केसांना कोणी हात लावलेला तिला खपत नाही. आठ वर्षांच्या धाकटीला खड्यांनी चमकणारा लिओटार्ड (पाय उघडे ठेवणारा, अंगासरशी एकसंध पोशाख) हवा असतो आणि तिच्या सरळ, निसटत्या केसांची रोज नवी वेणी घालून हवी असते. सुरक्षितता आणि स्पर्धेचे नियम सांभाळून उरलेला निर्णय मी त्या दोघींवर सोडते, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, खेळात गणवेश असतो तो शिस्तीसाठी आणि सर्वांना एका पातळीवर आणण्यासाठी. एकाच घरात दोन न्याय लावल्याने दोघीही बिघडतील. थोरलीला अंग झाकू देऊन मी तिच्या मनात शरीराविषयी लाज पेरते आहे आणि धाकटीचे लाड करून तिला नटवी बनवते आहे. आणि केसांवर जाणारा वेळ व्यायामाला दिला असता तर बरे झाले असते. संघाचा पोशाख ठरलेला असेल त्या दिवशी मी काय करणार, असेही आपण शेवटी विचारले आहे.

शिस्तीविषयी आपल्यात वाटतो तितका मतभेद नाही. सैल टी-शर्ट, बटणे, चेन, कमरेची लोंबणारी नाडी यांना सरावात जागा नाही आणि त्याबद्दल आमच्या घरी चर्चाच होत नाही. मूल मागच्या मागे उलटी कोलांटी घेत असताना आधार देणाऱ्या प्रशिक्षकाचा हात नेमक्या क्षणी कमरेला लागावा लागतो. तो कापडाच्या घोळात अडकला तर मूल मानेवर आदळू शकते. गुडघा ताठ आहे का, कंबर वाकली आहे का, खांदे पूर्ण उघडले आहेत का, हे प्रशिक्षकाला दिसायचे असेल तर कपडा अंगासरशी असलाच पाहिजे. लोंबते डूल, गळ्यातली साखळी, हातातले कडे काढूनच मॅटवर जायचे. केस डोळ्यांवर येता कामा नयेत आणि डोक्याच्या मागच्या बाजूला धातूचा आकडा असता कामा नये, कारण मागे लोळण घेताना भार नेमका तिथेच येतो. अंबाडाही अगदी त्याच जागी बांधला तर मान वाकडी करून लोळण घ्यावी लागते आणि ती सवय पुढे जाता जात नाही. ही सगळी कारणे मी दोघींना नीट समजावून सांगितलेली आहेत. परिणाम असा की मी समोर नसतानाही हे नियम पाळले जातात, आणि थोरली तर वर्गात नव्याने आलेल्या मुलींच्या केसांतले आकडे आधी काढायला लावते. आपल्याला अभिप्रेत असलेली शिस्त यापेक्षा वेगळी असेल असे मला वाटत नाही.

मात्र या यादीत रंग येत नाही, खडे येत नाहीत आणि पायाची लांबीही येत नाही. लांबीच्या बाबतीत एक अपवाद आहे आणि तो आम्ही मानतो. गुडघे छातीशी घेऊन हवेत फिरताना हात नडग्यांवर घट्ट बसावे लागतात आणि गुळगुळीत लेगिंग्जवरून ते सटकतात. त्यामुळे तो प्रकार शिकायचा असेल त्या दिवशी थोरली लेगिंग्ज गुडघ्यापर्यंत दुमडते किंवा आखूड शॉर्ट्स घालते. हे प्रशिक्षकांनी कारणासकट सांगितले आणि तिने लगेच ऐकले. जो नियम तिच्या सुरक्षिततेसाठी आहे तो कोणता आणि जो केवळ बघणाऱ्याच्या सवयीतून आला आहे तो कोणता, हे बारा वर्षांच्या मुलीला चांगले कळते.

लाजेचा आपला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. थोरली लिओटार्डवर काहीही न घालता सराव करत असे, तेव्हा मी तिला बीमवर, म्हणजे तोल सांभाळत उड्या मारायच्या अरुंद, उंच दांडीवर, पाहिले आहे. बीमची रुंदी 10 सेंटिमीटर, उंची 125 सेंटिमीटर. एक उडी झाली की तिची बोटे मांडीजवळच्या काठाकडे जायची, काठ खाली ओढला जायचा, मग पुढची उडी. आणि पुढच्या उडीच्या आधी पुन्हा तेच. जे लक्ष पावलांवर हवे ते सगळे त्या काठात अडकलेले होते. लेगिंग्ज आल्यावर ते ओढणे थांबले. तिला लाज शिकवावी लागलेली नव्हती. शरीर बदलू लागले की प्रत्येक मुलीला आपल्याकडे कोणी पाहते आहे याची जाणीव होतेच, आणि ज्यांची पाळी सुरू झालेली असते त्यांना तर फिकट रंगाच्या तोकड्या लिओटार्डमध्ये पूर्ण सराव करणे म्हणजे सतत धास्ती असते. अशा मुलीला ‘यात लाजण्यासारखे काय आहे’ असे म्हटल्याने लाज जात नाही. ती बोलून दाखवणे तेवढे बंद होते. पुष्कळ मुली नेमक्या याच वयात खेळ सोडतात, हे आपणही पाहिले असेल.

आणि हा विचार माझ्या एकटीचा नाही. एप्रिल 2021 मध्ये बाझेल येथील युरोपीय स्पर्धेत आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन महिला जिम्नॅस्ट घोट्यापर्यंतचा युनिटार्ड घालून उतरल्या. नियमांत त्याला आधीपासून परवानगी होती, पण तोवर तो प्रामुख्याने धार्मिक कारणासाठीच वापरला जात असे. झारा फॉस, एलिझाबेथ झाइट्स, किम बुई आणि पाउलिने शेफर-बेट्झ यांचे म्हणणे एवढेच होते की, जिला ज्यात मोकळे वाटेल ते तिने घालावे; तोकडा लिओटार्ड वाईट आहे असे त्यांनी कधीच म्हटले नाही. त्यानंतर ब्रिटनच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाने 2023 मध्ये आणि न्यूझीलंडच्या महासंघाने 2024 मध्ये लिओटार्डवर शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज घालून स्पर्धेत उतरायला परवानगी दिली. न्यूझीलंडमध्ये तर अंतर्वस्त्राची पट्टी दिसली म्हणून गुण कापणेही थांबले. खेळाचे नियम करणारेच बदलत असताना सरावाच्या वर्गात आणि घरी आपण जुन्या सवयीला शिस्त म्हणत राहावे, हे मला पटत नाही.

धाकटीच्या बाबतीत ‘नटवी’ हा शब्द मात्र मला लागला. ज्या खेळात मोठमोठ्या स्पर्धांतले लिओटार्ड खड्यांनी मढवलेले असतात, फ्लोअरच्या, म्हणजे मोकळ्या मॅटवर सादर करायच्या प्रकारात संगीत असते आणि सादरीकरणालाही गुण असतात, त्या खेळातल्या आठ वर्षांच्या मुलीला चमक आवडली तर त्यात दोष कसला? तिच्या चमकीलाही मर्यादा आहे. काखेत आणि कमरेच्या बाजूंना खडे नकोत, कारण दंडाची आतली बाजू घासली जाते आणि आधार देणाऱ्याचा हात तिथेच पडतो. शिवाय हौस तिची, तर निगाही तिचीच. घरी आल्यावर लिओटार्ड ती स्वतः उलटा करते, गार पाण्यात हाताने धुते, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत वाळत घालते. कडक ऊन, गरम पाणी आणि कपडे मऊ करणारी द्रव्ये यांनी कापडाची लवचीकता जाते, हे तिला माहीत आहे. कौतुकाच्या हौसेपोटी का होईना, आठव्या वर्षी आपल्या वस्तूची इतकी काळजी घेणारी मुलगी बिघडते आहे असे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दोन न्यायांबद्दल बोलायचे तर, लिओटार्डचे माप घेणाऱ्या कोणालाही विचारा. छाती आणि कंबर मोजून ते भागत नाही. खांद्यावरून पुढे खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि पुन्हा त्याच खांद्यापर्यंत असा धडाचा पूर्ण फेरा मोजावा लागतो. थोरलीचे धड लांब आहे. वयानुसार घेतलेला लिओटार्ड तिला खांद्यावर काचतो आणि खाली रुततो, तर धाकटीला वयाचा लिओटार्ड बरोबर बसतो. म्हणजे दोघींना वयानुसार एकाच पद्धतीचे कपडे घेतले असते तर एकीला दुखले असते आणि दुसरीला कळलेही नसते. शरीराचे जे आहे तेच स्वभावाचे. मी दोघींना विचारते ते प्रश्न एकच आहेत: हालचाल मोकळी होते का, कुठे टोचते का, प्रशिक्षकांची अडचण होईल का, आणि तुला हे आवडते का. उत्तरे वेगळी आली म्हणून न्याय वेगळा झाला असे मी मानत नाही.

आता केस. आपण लिहिता तसा तासभर जात नाही, पण वेळ जातो हे खरे, आणि तो वाया जातो असे मला वाटत नाही. कुरळे केस कोरडे असताना विंचरले की तुटतात आणि मूल कळवळते. थोरलीचे केस ओले असताना त्यांना भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून वर वर सरकत गुंता काढावा लागतो. हे आता तीच करते. मला फक्त मागचा भांग पाडायला बोलावते, तेही हाक मारली तरच. मग मानेपाशी संपणाऱ्या दोन सागरवेण्या, ज्या डोक्यावर सपाट बसतात आणि लोळण घेताना मध्ये येत नाहीत. धाकटीचे उलट आहे. तिच्या नुकत्याच धुतलेल्या केसांतून रबर अर्ध्या सरावात घसरून मॅटवर पडते, म्हणून सरावाच्या आदल्या दिवशी केस धुवायचे, किंचित ओलसर करून पेड घालायचे आणि कपाळाजवळच्या बारीक बटांना थोडे जेल लावायचे. दोघींच्याही केसांत घाम आणि हात घसरू नयेत म्हणून लावायच्या चॉकची पूड मिसळून ते राठ होतात. त्यामुळे घरी आल्यावर साध्या पाण्याने डोके धुणे दोघींना बंधनकारक आहे.

यात सौंदर्याइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. केस रोज एकाच जागी घट्ट ओढून बांधले तर मुळांवर सतत ताण पडतो आणि कपाळाच्या कडेने, कानशिलांपाशी केस विरळ होऊ लागतात. आधी डोके दुखते, कडेला बारीक पुटकुळ्या येतात, आखूड तुटके केस दिसू लागतात. एवढ्यावर ओळखून बांधणी सैल केली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवले तर मुळे कायमची निकामी होऊ शकतात. म्हणून गुळगुळीत, घट्ट अंबाडा आमच्याकडे स्पर्धेपुरता असतो, तोही घरी परतताच सुटतो. आणि लोकांच्या नजरेचे म्हणाल, तर 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट गॅबी डग्लस हिने वैयक्तिक सर्वंकष (सर्व साधनांवरील एकूण गुणांचे) सुवर्णपदक जिंकले, ते जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली, आणि तरीही समाजमाध्यमांवर लोक तिच्या केसांना नावे ठेवत होते. ती तेव्हा 16 वर्षांची होती. केसांविषयीचे शेरे मुलींना ऐकावे लागणारच आहेत; निदान घरी तरी ते ऐकावे लागू नयेत.

या सगळ्यामागे माझी एक काळजी आहे आणि ती मी मूळ लेखात पुरेशी स्पष्ट लिहिली नव्हती. जिम्नॅस्टिक्समध्ये मुलांच्या शरीराला मोठ्यांचे हात सतत लागतात, आणि ते अपरिहार्य आहे. ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्सच्या चौकशीचा ॲन व्हाइट यांचा अहवाल जून 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. चारशेहून अधिक जणांनी त्या चौकशीपुढे आपले अनुभव मांडले होते. दुखापत असताना सराव करायला लावणे, वजनावरून अपमान करणे, अन्न-पाणी आणि प्रसाधनगृह नाकारणे असे प्रकार त्यात आहेत, आणि पुष्कळ मुले हे सर्व बराच काळ निमूटपणे सोसत राहिली होती. ‘हे मला टोचते आहे’, ‘इथे ओढू नका, दुखते’, ‘हे घालून मला अवघडल्यासारखे होते’ ही वाक्ये मुलीने घरी, कपड्यांच्या आणि केसांच्या निमित्ताने, न घाबरता म्हटलेली असली आणि ती ऐकली गेलेली असली, तर उद्या गंभीर गोष्ट घडल्यास ती बोलेल अशी शक्यता वाढते. तिचा खांद्याचा पट्टा काचतो आहे हे मी ‘लाड’ म्हणून उडवून लावले, तर मोठी तक्रार घेऊन ती माझ्याकडे कशाला येईल?

राहिला संघाच्या पोशाखाचा प्रश्न. संघाचा लिओटार्ड दोघीही घालतात. तो काही आठवडे आधी घरी आणून त्यात पूर्ण हालचाली करून बघायच्या आणि माप चुकले असेल तर तेव्हाच बदलून घ्यायचे, एवढे मी पाहते. त्याच रंगाच्या लेगिंग्ज चालतील का, हे थोरली स्वतः प्रशिक्षकांना विचारते आणि प्रशिक्षक आयोजकांकडून लेखी उत्तर घेतात. गेल्या स्पर्धेत नकार आला. उतरायचे की नाही हे मी तिच्यावर सोडले. तिने विचार करून संघाचा तोकडा लिओटार्ड घातला, आपला क्रम येईपर्यंत वर जॅकेट आणि पँट ठेवली आणि उतरली. हा प्रसंग लिहू का, असे मी तिला विचारले आहे आणि तिची हरकत नाही.

आपण स्पर्धांचे दिवस आणि मासिक पाळी यांची सांगड कशी घालत होतात, त्या काळी प्रशिक्षकांशी हे बोलता येत होते का, याबद्दल सवडीने लिहिलेत तर मला आणि थोरलीला, दोघींनाही त्याचा उपयोग होईल.