‘द इंग्लिश पेशंट’ ही सत्यकथा नव्हे

‘द इंग्लिश पेशंट’ ही कादंबरी आणि त्यावरचा चित्रपट यांतला, विमानात भाजलेला रुग्ण अल्माशी खराच तसा होता आणि चित्रपटाने कादंबरी जशीच्या तशी उतरवली, असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लास्लो अल्माशी हा हंगेरियन वाळवंट-संशोधक खराच होऊन गेला. पण तो विमानात होरपळून इटलीत मेला नाही. 1951 मध्ये साल्झबर्गला आमांशाने गेला. बाकीची प्रेमकथा कादंबरीकार मायकेल ऑन्डाटजे यांची कल्पना.

दुसरी चूक मला जास्त खटकते. कादंबरीत किप हा शीख सैनिक, बॉम्ब निकामी करणारा. रेडिओवर हिरोशिमाची बातमी ऐकतो, रायफल घेऊन थेट रुग्णाच्या, म्हणजे अल्माशीच्या, खाटेपाशी येतो आणि नेम धरतो. गोळी झाडत नाही, पण त्या घरातून कायमचा निघून जातो. अँथनी मिंगेला यांच्या 1996 च्या चित्रपटात हा प्रसंगच नाही. तिथे किपला हादरवतो तो त्याचा सहकारी हार्डीचा मृत्यू. नऊ ऑस्कर मिळाले, ते योग्यच. चित्रपट सुंदर आहे. पण आशियाई माणसाचा तो संताप फक्त पुस्तकातच सापडेल. तेव्हा मजकूर पुढे पाठवण्याआधी कादंबरीची शेवटची पानं जरूर वाचा.