‘दरवर्षी तपासणी होते, मग भीती कसली?’ : भूमिगत वायुसाठ्यांविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

ऊर्जाविषयक चर्चांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्याचा आशय असा की, अमेरिकेत सुमारे चारशे ठिकाणी नैसर्गिक वायू जमिनीखाली साठवला जातो. तेथील विहिरींची दरवर्षी तपासणी होते आणि कागदपत्रे पूर्ण असतात. खाली प्राणवायूच नसल्यामुळे आगीचा प्रश्न येत नाही. 2015 साली कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन येथे झालेली गळती हा एका जुन्या विहिरीचा अपवाद होता. आणि त्यानंतर नियम कडक झाल्यामुळे आता काळजीचे कारण उरलेले नाही. आपल्याकडेही रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रांत साठवण करण्याचा विषय अधूनमधून निघतो, आणि त्या वेळी हाच मजकूर दाखला म्हणून पुढे केला जातो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते. थंडीच्या दिवसांत वाढणारी मागणी भागवण्यासाठी असे साठे लागतात, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो ‘तपासणी झाली’ या दोन शब्दांवर टाकल्या जाणाऱ्या भाराबद्दल.

पहिला मुद्दा वार्षिक तपासणीचा, आणि सगळ्या मजकुराचा डोलारा त्यावरच उभा आहे. अलिसो कॅन्यनमधील ज्या विहिरीतून 23 ऑक्टोबर 2015 रोजी गळती लक्षात आली, त्या एसएस-25 विहिरीची वार्षिक तपासणी होत होती. मग ती फुटली कशी? याचे उत्तर तपासणी नेमकी कशाची होत होती, यात आहे. विहिरीत तापमान मोजणारे उपकरण सोडले जाई. दाबाखालचा वायू एखाद्या छिद्रातून बाहेर पडला की तो प्रसरण पावतो आणि थंड होतो, त्यामुळे तापमानाच्या आलेखात त्या खोलीवर खळगा दिसतो. पद्धत उपयोगी आहे, परंतु ती सुरू झालेली गळती दाखवते. पोलादी नळी बाहेरून गंजून निम्मी उरली असेल, पण अजून वायू सुटत नसेल, तर आलेख स्वच्छ येतो आणि तपासनीस प्रामाणिकपणे ‘दोष आढळला नाही’ असा शेरा लिहितो.

नळीची जाडी मोजण्याची साधने वेगळी असतात. त्यांपैकी काही चुंबकीय क्षेत्रातील बदल टिपतात, तर काही ध्वनिलहरींनी भिंत मोजतात. ती वापरायची तर विहीर बंद ठेवावी लागते, आतली लहान नळी म्हणजे ट्युबिंग बाहेर काढावी लागते आणि त्यासाठी रिग म्हणजे विहीर खोदण्याचे मोठे यंत्र आणावे लागते. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. एसएस-25 मध्ये असे मोजमाप एकदाही झालेले नव्हते आणि तत्कालीन नियमांनी ते बंधनकारकही केलेले नव्हते. याहून वाईट गोष्ट अशी की, साठा चालवणाऱ्या कंपनीच्या 1988 सालच्या एका अंतर्गत टिपणात 20 विहिरींची अशी तपासणी करावी असे सुचवले गेले होते आणि त्या यादीत ही विहीर होती. प्रत्यक्षात 7 विहिरींची तपासणी झाली, तीत ही नव्हती.

ब्लेड एनर्जी पार्टनर्स या संस्थेने मूळ कारणांचा शोध घेऊन 2019 च्या मे महिन्यात जो अहवाल दिला, त्यातला तपशील डोळ्यांपुढे आणण्यासारखा आहे. 7 इंच व्यासाची केसिंग, म्हणजे विहिरीची मुख्य पोलादी नळी, 892 फुटांवर फुटली होती. तिच्या बाहेरच्या अंगाला भूजल लागत होते आणि त्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे पोलाद कुरतडले गेले होते. आधी नळीला उभी चीर पडली. सुटणाऱ्या वायूने पोलाद इतके गारठले की ते ठिसूळ झाले आणि काही तासांतच नळी आडवी तुटून तिचे दोन भाग झाले. वायू ट्युबिंगमधून आणि केसिंगमधूनही खेळवला जात असल्यामुळे त्या खोलीवर वायू आणि भोवतालची जमीन यांच्यामध्ये ही एकच भिंत होती. जमिनीखालची सुरक्षा झडप 1979 सालीच काढून टाकलेली होती, आणि घरांपासूनच्या अंतराचा निकष पाहता ती बसवणे या विहिरीला सक्तीचे नव्हते. म्हणजे नियमांची पूर्तता आणि विहिरीची दुरवस्था या दोन्ही गोष्टी एकाच जागी शांतपणे नांदत होत्या.

येथे आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू आठवते. सिलिंडरच्या कड्याखालच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूने ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचा आकडा लिहिलेला असतो. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या दाबचाचणीची तिमाही असते. त्या अक्षराला अर्थ आहे, कारण चाचणी त्या पोलादी भांड्याचीच होते. हीच कसोटी विहिरीला लावून पाहा. शेरा कशावर मारला आहे, वायूला अडवणाऱ्या भिंतीवर की वरच्या झडपांवर आणि नोंदवहीवर, हे कळल्याशिवाय त्या शेऱ्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

‘खाली प्राणवायू नाही, म्हणून आग नाही’ हा मुद्दा साठ्याच्या पोटापुरता खरा आहे. धोका साठ्याच्या पोटात नसून तेथून वर येणाऱ्या विहिरीत असतो. कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन शहराजवळ मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्यांमध्ये वायू साठवला जात असे. सिमेंटने बंद केलेली एक विहीर पुन्हा उघडताना केसिंगला इजा झाली होती. तेथून सुटलेला वायू खडकाच्या भेगांमधून सुमारे 11 किलोमीटर दूर शहराखाली गेला आणि मीठ काढण्यासाठी पूर्वी खोदलेल्या, विसरल्या गेलेल्या विहिरींतून वर आला. 17 जानेवारी 2001 रोजी शहराच्या मध्यवस्तीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी फिरत्या घरांच्या वस्तीत झालेल्या स्फोटात दोघांचा जीव गेला. त्या माणसांचा वायुसाठ्याशी काडीचा संबंध नव्हता. 2004 साली टेक्सासमधील मॉस ब्लफ येथेही पोकळीतून सुटलेला वायू पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला.

अलिसो कॅन्यन हा ‘अपवाद’ होता, हे म्हणणे तर आकड्यांपुढे टिकत नाही. एसएस-25 ही 1953 साली तेलासाठी खोदलेली विहीर पुढे 1973 मध्ये वायुसाठवणीसाठी वापरात आणली गेली. अशा विहिरी किती आहेत, याची मोजदाद हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या वापरातल्या 14,138 साठवण-विहिरींपैकी 2,715 विहिरी मुळात साठवणीसाठी बांधलेल्याच नव्हत्या, त्या 160 ठिकाणी पसरलेल्या होत्या आणि त्यांचे मध्यक वय 74 वर्षे होते. खुद्द अलिसो कॅन्यनमध्ये 1970 च्या दशकापासून केसिंगच्या साठाहून अधिक गळत्या झाल्या होत्या आणि त्यांच्या कारणांचा शोध घेतला गेला नव्हता, हेही ब्लेडच्या अहवालात नोंदलेले आहे. साठ वेळा इशारा मिळाल्यावर एकसष्टाव्या वेळेला अपवाद म्हणता येणार नाही. त्या ‘अपवादा’ची किंमतही लक्षात ठेवावी: वरून विहीर दाबण्याचे प्रयत्न एकामागून एक फसले, शेजारून दुसरी विहीर खोदून 11 फेब्रुवारी 2016 रोजी गळती आटोक्यात येईपर्यंत सुमारे 97,000 टन मिथेन हवेत गेला आणि शेजारच्या पोर्टर रँच परिसरातल्या आठ हजारांहून अधिक कुटुंबांना घरे सोडून राहावे लागले.

राहिला नियमांचा मुद्दा. नियम आले, हे खरे आहे आणि त्याचे मोलही आहे. 2015 पर्यंत या विहिरींसाठी केंद्रीय पातळीवर सुरक्षेचे किमान मानकच नव्हते. 2016 च्या जूनमधील कायद्याने ते तयार करण्याचा आदेश दिला; पाइपलाइन व घातक पदार्थ सुरक्षा प्रशासनाने त्याच डिसेंबरमध्ये अंतरिम नियम काढला आणि 12 फेब्रुवारी 2020 रोजी अंतिम नियम प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियाने तर स्वतःच्या कायद्याने एकाच भिंतीवर विसंबणारी रचना मोडीत काढली. परंतु केंद्रीय नियम बारकाईने वाचला पाहिजे. तो तेल-वायू उद्योगाच्या संघटनेने तयार केलेल्या दोन मानकांवर आधारलेला आहे. त्या मानकांत काही कलमे ‘केलेच पाहिजे’ अशा भाषेत आहेत, तर काही ‘करावे’ अशा भाषेत. अंतरिम नियमाने ‘करावे’ ही कलमेही सक्तीची केली होती. अंतिम नियमाने ती सक्ती काढून घेतली. शिवाय प्रत्येक विहिरीच्या पहिल्या जोखीम-मूल्यांकनासाठी 13 मार्च 2027 पर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत एखाद्या विहिरीचे मूल्यांकन बाकी असेल, तरीही साठा चालवणारी कंपनी नियमाची पूर्तता करते आहे असेच मानले जाईल.

अंतिम नियम लागू झाल्यानंतर, 6 नोव्हेंबर 2022 रोजी, पेनसिल्व्हेनियातील रेजर माउंटन येथील साठ्याची 1965 साली खोदलेली एक विहीर फुटली आणि जवळपास दोन आठवडे वायू सुटत राहिला. एक अब्ज घनफुटांहून अधिक वायू गेला. कारण तेच निघाले: गंजलेली केसिंग.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘शंभर टक्के पूर्तता’ असा आकडा पुढे केला, तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक विहिरीच्या केसिंगची जाडी शेवटची कोणत्या तारखेला आणि कोणत्या साधनाने मोजली? किती विहिरींत वायू आणि माती यांच्यामध्ये एकच नळी आहे? आजवर किती गळत्या झाल्या आणि त्यांपैकी कितींची कारणे शोधली? आणि हे कागद शेजारच्या वस्तीला पाहायला मिळतात का? एसएस-25 बाबत पहिला प्रश्न 2014 साली विचारला गेला असता, तर सांगण्यासारखी एकही तारीख कोणाजवळ नव्हती.