नाक मुठीत धरून

परवा आमच्याच घरी, पाहुण्यांच्या देखत, मला हुंगण्यात आलं. अंगाचा तिळपापड अजून शमलेला नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी आहे. पुढे काचेचं दार, मागून निघालेलं धुराडं थेट छपराबाहेर. ती धडधडून पेटलेली असते तेव्हा घरात काडीचाही वास नसतो. वास सुटतो तो ती विझल्यावर, त्यातही हवा दमट असली की. डांबर, जळका पुठ्ठा आणि ओलं पोतं यांनी मिळून संसार थाटावा, असा वास.

पाहुणे येऊन बसले होते. त्यांच्यापैकी कुणी काही बोललं नव्हतं. तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. आप्पांना आपल्या नाकाचा भारी अभिमान. ते उंबऱ्यातच थबकले, डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या.

"काय मेलंय?"

"काही मेलेलं नाही, आप्पा. शेगडीचा वास आहे तो."

"लोखंडाला वास नसतो. धुराड्यात पक्ष्याचं घरटं असणार. किंवा पक्षीच..." एवढं बोलून त्यांनी पाहुण्यांकडे बघत वाक्य सोडून दिलं. उरलेलं वाक्य पाहुण्यांनी मनातल्या मनात पूर्ण केलेलं मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

"वर जाळी बसवलेली आहे. पक्षी आत जाऊच शकत नाही."

"जाळी आत गेलेल्याला बाहेरही येऊ देत नाही," आप्पा म्हणाले.

यावर काय बोलणार? आप्पांनी स्वयंपाकघरात जाऊन एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगाने सोडला. "आधी हवा साफ होऊ दे." हवा साफ व्हायच्या ऐवजी वास दुप्पट झाला. "बघा, आता खरा वास बाहेर पडायला लागला!" ते आनंदाने म्हणाले. मी खिडकी उघडायला उठलो, तर "अहो, खिडकी नको, माग हरवेल!" म्हणून मला खाली बसवलं.

मग शोधमोहीम सुरू झाली. शेगडीचं दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं. "हं." पडद्याला नाक लावलं. "हं हं." सोफा हुंगताना त्यावर बसलेले गृहस्थ आपोआप अर्धे उठले. भिंतीवर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे, त्याच्यासमोर आप्पा थांबले.

"हे कशाला? तो वायू मी वासावरून ओळखतो."

"आप्पा, त्याला वास नसतो. म्हणून तर अलार्म लावायचा."

"तुम्हाला येत नसेल."

शेवटी माझी पाळी आली. आप्पांनी माझ्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरली, नाकाशी नेली, दीर्घ श्वास घेतला आणि तो बराच वेळ आत ठेवला. खोलीत सगळे गप्प. मग त्यांनी श्वास सोडला आणि निकाल दिला.

"सापडला. वास यांचाच येतोय."

हशा पिकला. एक बाई मनाने चांगल्या, त्या म्हणाल्या, "मला तर काहीच येत नाही हो," आणि म्हणता म्हणता खुर्ची मागे सरकवली. आमच्या सौभाग्यवती "मी कधीची सांगतेय" असं पुटपुटल्या. काय कधीची सांगतेय, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता यात मूलभूत अन्याय असा की एकाच वासात बसून राहिलं, की थोड्याच वेळात मेंदू त्याची नोंद घेणं सोडून देतो. म्हणजे स्वतःच्या घराच्या वासाबद्दल घरमालकाची साक्ष धरली जात नाही, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण तज्ज्ञ ठरतो.

बरं, शेगडीचे काही वास प्रामाणिक असतात. नवी शेगडी पहिल्या काही वेळा पेटवली की तिचा रंग भाजून पक्का होतो. तेव्हा नाकाला झोंबणारी वाफ येते, धुराचा अलार्म बोंबलतो, खिडक्या उघडाव्या लागतात आणि मग तो वास कायमचा जातो. खूप दिवसांनी पेटवलं तर साठलेली धूळ जळते, तेही घटकाभराचं. पण डांबरट वास म्हणजे धुराड्यातली काजळी. लाकूड ओलं असलं की बरीच आग त्यातलं पाणी उकळण्यात खर्च होते, धूर थंड पडतो आणि धुराड्याला आतून चिकट थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर नुसता वासच मारत नाही, तो पेटला तर धुराडंच पेटतं.

त्यामुळे लाकडात ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. लाकूड विकणारा "हात लावून बघा, खडखडीत वाळलंय" म्हणतो. हात सालीला लागतो हो! ओंडका फोडून, आतल्या ताज्या अंगावर मीटरच्या दोन सुया रोवल्या की खरा आकडा दिसतो. मी तसंच मोजतो. विकणाऱ्याला हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे. एका नातेवाइकाने तर प्रेमाने जुन्या रंगवलेल्या चौकटीचे तुकडे आणून दिले, "सागवान आहे, मस्त जळेल" म्हणून. रंगाचा विषारी धूर हुंगायलाही आप्पांनाच बोलवायचं का?

धुराडं साफ करणारा येऊन गेला. ब्रश वरून खाली घातला, काळे पापुद्रे पोतंभर काढले, हात झटकले आणि म्हणाला, "वास थोडा राहणारच." सगळं करून झाल्यावर हे वाक्य सांगायचं, ही या लोकांची खास पद्धत. आधी सांगितलं असतं तर निदान मनाची तयारी झाली असती.

पाहुणे गेल्यावर मी एक काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर शेगडीच्या किलकिल्या दाराशी धरला. धूर वर धुराड्याकडे जायला हवा. तो सरळ खोलीत वळला. आप्पांनी लावलेला एक्झॉस्ट अजून घोंघावतच होता. तो बंद केला, धूर उभा राहिला. खिडकी बोटभर उघडली, धूर मुकाट वर गेला. म्हणजे घर घट्ट बंद, पंखा हवा बाहेर फेकतोय, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. थंड धुराडं हे आयतं भोक. त्यातून बाहेरची हवा काजळीला घासत खाली उतरते आणि आमच्या स्वेटरात मुक्काम करते.

हे काही मी शोधलेलं नाही. बेंजामिन फ्रँकलिन 1785 साली फ्रान्सहून अमेरिकेला परतताना, वयाच्या 79 व्या वर्षी, भर समुद्रात जहाजावर बसून धुरकट धुराड्यांवर एका डॉक्टर मित्राला लांबलचक पत्र लिहीत होता. त्यातलं पहिलंच कारण हे, की नव्या घरांची दारं-खिडक्या इतकी घट्ट बसतात की धुराड्याला हवाच मिळत नाही. त्याला सुचलं यात नवल नाही. जहाजावर आप्पा नव्हते.

आप्पांना काडीचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी मान डोलावली. "मी आल्या आल्या म्हणालो नव्हतो का, हवा, हवा!"

खरा उपाय म्हणजे शेगडीला बाहेरची हवा देणारी नळी भिंतीतून काढणं. भिंतीला भोक पाडायला घरातून परवानगी नाही. तोवर एक्झॉस्ट चालू असला की खिडकी बोटभर उघडी ठेवायची, असं ठरलंय. मग शेगडीपुढे बसून माझे घोटे गारठतात. आप्पा रोज संध्याकाळी पाहणीला येतात, "उष्णता वाया घालवता," असं म्हणतात आणि जाताना खिडकी लावून, कडी घालून जातात.